टॅपेट घरी सेट करायचाय? आधी फिलर गेज घ्या, मग गाडी उघडा

गाडी गॅरेजसमोर स्टँडला लावली की मिस्त्री आधी काय करतो तर डोकं वाकडं करून इंजिनाला कान लावतो आणि म्हणतो "टॅपेट वाजतोय, टाइट करून देतो", मग गरम इंजिनावरच दोन झाकणं उघडून, पाना फिरवून, आवाज गेला की झालं काम. आपणही खूश, कारण गाडी एकदम शांत. आमच्या सीडी १०० चं असंच झालं होतं, तीही बाबांची, त्यामुळे घरात तिला माझ्याहून जास्त मान. टॅपेट "सेट" करून आणल्यावर आठ-दहा दिवस गाडी नुसती लोण्यासारखी, आणि मग गरम झाली की किक मारूनही घेईना, सायलेन्सरमधून फट्ट फट्ट, पिकअप गेलेला. दुसऱ्याकडे दाखवली तर त्याने कार्बोरेटर साफ केला, तिसऱ्याने प्लग बदलला. शेवटी हेड उघडलं तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळलेली निघाली. तेव्हापासून टॅपेट मी स्वतः करतो, अकोल्यात, अंगणात, आणि कानाने नाही तर फिलर गेजने, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पात्यांनी फट मोजून.

टॅपेट सेट करणं म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह (झडप) आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यामधली बारीक फट, म्हणजे गॅप, ठरवणं. तर हा लेख सीडी १००, स्प्लेंडर अशा आडव्या इंजिनाच्या, आणि ज्यांत गॅप स्क्रूने बदलून लॉकनटने पक्का करायचा असतो अशा गाड्यांसाठी. बुलेट, पाण्याचा पंप आणि शिमवाल्या गाड्यांचं शेवटी थोडंसं सांगतो.

गॅप ठेवायचाच कशाला

सुतार दार बसवताना चौकटीत फट ठेवतो ना, पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून, तसंच आहे हे. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी वाढते, रॉकर, हेड सगळंच थोडं थोडं वाढतं. थंड असताना फट नसेल तर गरम झाल्यावर रॉकर व्हॉल्व्हला दाबून धरणार, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होणार नाही. आणि व्हॉल्व्ह सीटवर टेकला नाही की दोन गोष्टी होतात: कॉम्प्रेशन लीक होतं, आणि दुसरं जास्त वाईट, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेला असतानाच हेडमध्ये सोडतो, तो टेकायचाच राहिला तर उष्णता जाणार कुठे, कड जळते.

गॅप जास्त झाला तर टिकटिक आवाज येतो, व्हॉल्व्ह जरा उशिरा उघडतो, कमी उघडतो, ताकद थोडी कमी होते, रॉकर आणि स्क्रूच्या टोकाला ठोके बसून झीज होते. हेही वाईटच, पण हे कानाला कळतं. टाइट टॅपेट कळत नाही, तो गप्प असतो. म्हणून मी म्हणतो की वाजणाऱ्या टॅपेटला घाबरू नका, एकदम गप्प झालेल्या टॅपेटला घाबरा. थोडीशी बारीक टिकटिक या गाड्यांना असतेच, शिलाई मशीन लांबून ऐकल्यासारखी, ती पूर्ण घालवायच्या नादातच घोळ होतो.

सीडी १०० आली १९८५ ला, आणि तिची जाहिरात होती "फिल इट, शट इट, फर्गेट इट". पेट्रोलबद्दल होतं ते, पण आपल्या लोकांनी फर्गेट इट अगदी मनावर घेतलं आणि टॅपेट, चेन, ऑइल सगळंच विसरले.

सामान काय लागतं

फिलर गेज. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच लोक चुकतात. दुकानात गेलं की तेरा पात्यांचा किंवा वीस पात्यांचा सेट हातात देतात, त्यात बऱ्याचदा ०.०५, ०.१०, ०.१५ असं पाच-पाचच्या उडीने थेट १.०० मिमीपर्यंत असतं. आपल्याला १.०० च्या पात्याचा काय उपयोग? आपलं सगळं काम ०.०३ ते ०.२० मध्ये. म्हणून सेट उघडून बघा, ०.०४, ०.०५, ०.०६, ०.०८ ही पाती आहेत का, नसतील तर दुसरा मागा. इंचवाला सेट घरात असेल तर तोही चालतो, एक थाउ, इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिमी, म्हणजे दोन थाउचं पातं जवळपास ०.०५ आणि तीन थाउचं ०.०७६. मी माझा तीनशेच्या आत घेतला होता, अजून चालू आहे. बारीक पाती लवकर मुडपतात, मुडपलेलं पातं खोटं माप देतं, ते सरळ करून वापरायच्या भानगडीत पडू नका. काम झालं की पुसून, ऑइलचा हात लावून ठेवायचं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पाती एकमेकांना गंजाने चिकटलेली सापडतील.

दाढीच्या ब्लेडने टॅपेट सेट करणारे आहेत, माझ्या काकांचा तर त्यावर गाढ विश्वास. ते दुधारी ब्लेड साधारण ०.१० मिमी जाड असतं. आमच्या गाडीला मॅन्युअलप्रमाणे इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला ०.०५ पाहिजे. म्हणजे ब्लेडने केलं तर बरोबर दुप्पट. आणि ०.०५ म्हणजे किती, तर झेरॉक्सचा साधा कागद ०.१० च्या आसपास असतो, त्याच्या निम्मं. हे नजरेने किंवा बोटाने कळण्यातलं नाहीच.

पाने: टॅपेटच्या झाकणांना बहुतेक १७ चा, लॉकनटला ९ चा. हा नऊचा पाना घरच्या डब्यात नसतो, कारण ८, १०, १२, १४ सगळीकडे लागतात आणि ९ कुठेच लागत नाही. ८-९ चा रिंग पाना वेगळा घ्या, आपल्या नाशिकच्या तापडियाचा घेतला तरी आयुष्यभर पुरेल. फिक्स पान्याने हा नट खोलू नका, नट छोटा आणि जागा अडचणीची, कडा गोल झाल्या की बसा रडत. स्क्रूच्या डोक्याला चौकोनी टोक असतं, ते पकडायला टॅपेटची छोटी चावी मिळते, टी आकाराची किंवा गोल मुठीची, आतून चौकोनी भोक असलेली. ती घेताना आपल्या स्क्रूच्या मापाची घ्या, कारण ३ आणि ४ मिमी अशी दोन्ही मिळतात. ही नसेल तर लोक नोज प्लायरने पकडतात, मीही पहिल्यांदा तसंच केलं, पण प्लायर सटकतो आणि सटकला की चौकोन गोल होतो.

बाकी प्लगपाना, मॅग्नेट कव्हरची गोल झाकणं उघडायला रुंद तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, क्रँकच्या नटासाठी सॉकेट आणि हँडल (आमच्या गाडीला १४ चा लागतो, तुमच्याकडे वेगळा असू शकतो, आधी लावून बघा), छोटा टॉर्च, सुती चिंध्या, जुना ताट किंवा ट्रे. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे उघड्या इंजिनात जातात.

पार्ट कोणते आणून ठेवायचे

फार नाही. दोन टॅपेट झाकणांच्या दोन ओरिंगा आणि मॅग्नेट कव्हरच्या झाकणांच्या ओरिंगा. जुनी ओरिंग हातात घेऊन दाबून बघा, बांगडीसारखी कडक झाली असेल आणि गोलाऐवजी चपटी दिसत असेल तर ती परत लावू नका, खालच्या झाकणातून ऑइल झिरपणार आणि थेट सायलेन्सरच्या पाइपवर, मग सिग्नलला थांबलात की बुडाखालून धूर. ओरिंगला अ‍ॅनाबॉन्ड वगैरे काही लावायचं नाही, नुसता इंजिन ऑइलचा हात. सीलंट लावला तर पुढच्या वेळी झाकण निघताना त्याचे तुकडे आत पडतात.

दुसरं म्हणजे अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आणि लॉकनटची एक जोडी जवळ ठेवा, स्वस्त असते. जुन्या गाडीत स्क्रूचं जे टोक व्हॉल्व्हच्या दांडीवर ठोके देतं तिथे खळगा पडतो. हा खळगा फसवा आहे. फिलर गेजचं पातं सपाट, ते खळग्याच्या कडांवर टेकतं, पण व्हॉल्व्हची दांडी त्या खळग्याच्या आत जाते. म्हणजे गेज सांगतो ०.०५ आणि खरा गॅप असतो ०.०८ किंवा ०.१०. सेटिंग बरोबर करूनही आवाज जात नसेल तर स्क्रू पूर्ण बाहेर काढून टोक उन्हात धरून बघा. गुळगुळीत चमकत असेल तर ठीक, वाटीसारखं दिसलं तर बदला.

कधी करायचं

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. होंडाच्या मॅन्युअलमध्ये ३५ अंशांच्या खाली असं लिहिलेलं असतं. आता अकोल्यात मे महिन्यात दुपारी सावलीतसुद्धा ४४-४५, म्हणजे गाडी चालू न करताच इंजिन "गरम"! विदर्भातल्या लोकांनी उन्हाळ्यात हे काम सकाळी सहा-साडेसहाला उरकावं, गाडी रात्रभर उभी असलेली. थोडं फिरवून आणून "कोमट आहे, चालेल" असं करू नका. गरम इंजिनावर थंडचा आकडा लावला तर सगळा हिशोबच चुकला.

गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागेवर. चावी बंद. आधी हेडच्या आजूबाजूची माती ब्रशने, रॉकेलच्या चिंधीने साफ करा, झाकण उघडलं की ती माती सरळ आतच पडणार. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि हेच सगळे टाळतात.

आता उघडायला घ्या

प्लग काढा. कॉम्प्रेशन सुटलं की इंजिन हाताने मऊ फिरतं, नाहीतर टी मार्कवर (पिस्टन वर आल्याची खूण) थांबवताना ते पुढे उडी मारतं. प्लगच्या भोकावर चिंधी ठेवा.

वरचं टॅपेट झाकण इनलेटचं, कार्बोरेटरच्या बाजूला. खालचं एक्झॉस्टचं, सायलेन्सरच्या बाजूला, जमिनीकडे तोंड केलेलं. खालचं उघडण्याआधी ट्रे ठेवा, त्यात थोडं ऑइल साचलेलं असतं ते पडतं. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी फुटलं, इतकं आलं. झाकणं अडकलेली असतील तर पाना नीट पूर्ण बसवून एक हलका झटका, पाइप लावून जोर नको. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर शंभर रुपयांचं काम हजारांत जातं.

डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन गोल झाकणं असतात, मधलं मोठं आणि वरचं छोटं. मोठ्यातून क्रँकचा नट दिसतो, छोट्यातून मॅग्नेटवरच्या खुणा. सॉकेट लावून इंजिन फिरवायचं ते डावीकडे बसून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने, पुढे जाताना चाक फिरतं त्याच दिशेने. तो नट उलटा फिरतोय म्हणजे सैल होईल अशी भीती वाटते, पण प्लग काढलेला असला की इतका जोर लागतच नाही. सॉकेट नसेल तर गाडी टॉप गिअरला टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा, जमतं, फक्त नेमकं खुणेवर थांबवायला दोन-तीनदा प्रयत्न करावे लागतात.

छोट्या खिडकीत दोन खुणा येतात, आधी एफ आणि लगेच टी. एफ स्पार्कची, ती आपली नाही. टी ची रेघ खिडकीच्या काठावरच्या खाचेशी जुळली की पिस्टन वर आला. पुढे गेली तर तिथूनच नुसती परत आणू नका, चांगली पाव फेरा मागे न्या आणि परत पुढच्या दिशेने आणून थांबवा, म्हणजे टायमिंग चेनचा ढिलेपणा एकाच बाजूला राहतो.

आता सगळ्यात मोठी चूक जिथे होते ती जागा. टी मार्क दोनदा येतो. एकदा कॉम्प्रेशनला, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आणि एकदा एक्झॉस्ट संपून इनलेट सुरू होताना, तेव्हा दोन्ही थोडे थोडे उघडे. आपल्याला पहिला पाहिजे. ओळखायचं कसं, तर दोन्ही रॉकर बोटाने धरून हलवा. दोन्ही किंचित खटखट हलले तर बरोबर. घट्ट बसलेले असतील तर क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवून परत टी वर या. मी पहिल्या खेपेला हे केलंच नाही, टी दिसला की खूश, आणि चुकीच्या जागी रॉकर दाबलेले असताना स्क्रू सैल करत करत ०.०५ चं पातं घातलं. गाडी चालू तर झाली पण असा आवाज, जसं कोणी डब्यात खडे घालून हलवतंय. शेजारचे काका बाहेर येऊन बघून गेले. दोन्ही रॉकर हलवून बघायला दहा सेकंद लागतात, तेवढी द्या.

फक्त एकच रॉकर हलतोय आणि दुसरा घट्ट, आणि पूर्ण फेरा फिरवूनही तेच, तर तो दुसरा टाइट झालेला आहे, बहुधा एक्झॉस्टच.

माप घेणं

काही सैल करण्याआधी आहे तो गॅप मोजा आणि लिहून ठेवा. बहुतेक लोक सरळ पाना लावतात, मग आधी काय होतं तेच कळत नाही.

०.०५ चं पातं पुसून, अगदी पुसटसा ऑइलचा हात लावून, स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्या मध्ये सरकवा. पातं सरळ आडवं गेलं पाहिजे, तिरकं गेलं तर अडकतं आणि टाइट वाटतं. खालच्या बाजूला हात वाकडा करावा लागतो, मान त्याहून वाकडी, तिथे मी जमिनीवर गोणपाट टाकून सरळ आडवा होतो आणि टॉर्च तोंडात.

योग्य गॅप हाताला कसा लागतो हे सांगणं कठीण आहे, पण एक करून बघा: जाडजूड दोन पुस्तकं एकावर एक ठेवा, मध्ये दहाची नोट घाला आणि हळूच ओढा. येते, पण कोणीतरी पलीकडून बोटाने धरल्यासारखी येते. तसंच. पातं आपलं आपण लोंबकळत असेल तर सैल, ढकलताना कमान होऊन वाकत असेल तर टाइट. आणि स्वतःच्या हातावर विश्वास नसेल (पहिली दोन-तीन वेळा ठेवूही नका) तर दोन पात्यांची परीक्षा घ्या, ०.०४ आरामात गेलं पाहिजे आणि ०.०६ शिरता कामा नये. या परीक्षेत हाताच्या अंदाजाचा प्रश्नच उरत नाही.

फिरवायचं किती

नऊचा रिंग पाना लॉकनटवर, चौकोनी चावी स्क्रूवर. नट फक्त अर्धा फेरा सैल करा, काढायचा नाही. मग पातं मध्ये ठेवून स्क्रू हळूहळू आत घ्या, पात्याला पकड आली की थांबा. स्क्रूचे आटे बारीक असतात. समजा पिच अर्धा मिमी धरली तर पूर्ण फेरा म्हणजे ०.५० आणि आपले ०.०५ म्हणजे फेऱ्याचा दहावा भाग, घड्याळात मिनिट काटा सहा मिनिटांत सरकतो तेवढंच. म्हणून जे मिस्त्री "जरा पाव फेरा देतो" म्हणतात ना, तो पाव फेरा ०.१२ च्या वर जातो.

आता स्क्रू चावीने घट्ट स्थिर धरून नट आवळा. इथेच गंमत आहे, नट आवळताना तो स्क्रूला थोडं ओढतोच, कितीही धरा. त्यामुळे नट आवळून झाल्यावर परत मोजायचं. पहिल्या फटक्यात बरोबर आलं तर नशीब. मला अजूनही एका व्हॉल्व्हला तीन-चार वेळा करावं लागतं, आणि आता मला माझ्या हाताचा स्वभाव कळलाय की नट आवळला की माझ्याकडून किंचित टाइट होतो, म्हणून आवळायच्या आधी मी केसभर सैल ठेवतो. तुमच्या हाताचं उलटं असू शकेल. नट आवळायला मनगटाचा जोर पुरे, छोटा पाना, छोटा नट, खांद्याचा जोर लावला तर स्क्रूचे आटे ताणले जातात.

शंका असेल तर सैल बाजूला चुका, टाइट बाजूला नको. ०.०५ ऐवजी ०.०६ झालं तर काही बिघडत नाही, ०.०३ झालं तर मात्र झोप लागणार नाही.

दोन्ही झाले की पातं बाजूला ठेवून क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा, परत कॉम्प्रेशनच्या टी वर आणा, परत मोजा. बऱ्याच वेळा पहिल्यांदा बरोबर वाटलेलं इथे थोडं वेगळं निघतं, कारण रॉकर आणि दांडीमधला ऑइलचा थर तेवढ्यात दाबून जागेवर बसतो. आता बरोबर आलं तरच झाकणं लावायची.

झाकणं आधी हाताने, दोन-तीन आटे बसेपर्यंत, मग पाना. प्लगसुद्धा आधी बोटांनीच. क्रँकवर सॉकेट राहिलं नाही ना, ट्रेमध्ये एखादा वायसर उरला नाही ना, ऑइलची पातळी किती आहे, हे बघून मगच किक. पाच-सात मिनिटं चालू ठेवून खालच्या झाकणाला बोट लावून बघा, कोरडं पाहिजे.

बाकीच्या गाड्या थोडक्यात

आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा, शेजाऱ्याच्या गाडीचा आपल्याला लावायचा नाही. इतकंच काय, एकाच नावाच्या इंजिनाचाही बदलतो. शेतावर पाण्याच्या पंपाला होंडाचं जीएक्स १६० असतं ना, त्याच्या जुन्या आवृत्तीत इनलेट ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२०, आणि नंतरच्या यूटी२ वाल्यात ०.०८ आणि ०.१०. जुन्याचा आकडा नव्याला लावला तर जवळपास दुप्पट गॅप. इंजिनवरचा पूर्ण कोड वाचून मगच मॅन्युअल उघडा. या इंजिनात दोरीच्या स्टार्टरच्या पुलीवर त्रिकोणी खूण असते, ती पंख्याच्या कव्हरवरच्या वरच्या भोकाशी आणायची, बाकी रॉकर हलवून बघायची परीक्षा तीच.

जुनी बुलेट, ती कास्ट आयर्नवाली, तिचा तर कायदाच निराळा. तिला फिलर गेज लागत नाही. उजवीकडे सिलिंडरच्या बुडाशी टॅपेट कव्हर उघडलं की दोन पुशरॉडची (रॉकरला ढकलणाऱ्या दांड्यांची) खालची टोकं दिसतात, थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनला, पुशरॉड दोन बोटांत धरून गोल फिरला पाहिजे पण वरखाली खटखटता कामा नये, म्हणजे गॅप जवळपास शून्य. पाने मात्र पातळ लागतात, जाड पाना त्या फटीत शिरत नाही. आणि २००९ नंतरची यूसीई इंजिनवाली (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेली) क्लासिक असेल तर त्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळणारे, सेट करायला काही नाहीच, कोणी "टॅपेट सेटिंग" चे पैसे मागितले तर विचारा की नक्की काय सेट केलं.

ड्यूक ३९० सारख्या गाड्यांना स्क्रू नसतो, शिम असतात, छोट्या गोल चकत्या, जाडी बदलून गॅप बदलायचा. हिशोब सोपा आहे: नवीन शिमची जाडी म्हणजे जुनी जाडी अधिक मोजलेला गॅप वजा पाहिजे तो गॅप. पण त्यासाठी मायक्रोमीटर लागतो, कॅमशाफ्टला हात लावावा लागतो, टायमिंग चुकलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो. मोजण्यापर्यंतचं काम घरी करा, पुढचं पहिल्यांदा तरी हे काम जमणारा कोणीतरी माणूस शेजारी बसवून.

वही ठेवा

माझ्याकडे एक शाळेची चाळीस पानी वही आहे, तिच्यात तारीख, किलोमीटर, सेट करण्याआधीचा इनलेट-एक्झॉस्टचा गॅप आणि नंतरचा, एवढंच लिहितो. वर "आधी मोजा" म्हटलं ते याचसाठी. सेट केल्यावर गॅप वाढत जात असेल तर स्क्रू, रॉकर किंवा कॅम झिजतोय, हरकत नाही, बदलता येतं. पण एक्झॉस्टचा गॅप प्रत्येक वेळी कमीच होत सापडत असेल, ०.०५ ठेवला आणि पुढच्या खेपेला ०.०३, परत ०.०५ केला आणि परत ०.०३, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसत चाललाय. ते अंगणातलं काम नाही, हेड उतरवावं लागेल, सीट आणि व्हॉल्व्ह बघावे लागतील. त्यासाठी मिस्त्रीकडेच जा, जाताना वही सोबत न्या, आणि त्याने इंजिनाला कान लावायच्या आधी ती त्याच्या हातात द्या.